चांगला सल्लागार शिक्षक ओळखायचा कसा?

दरवर्षी ५ सप्टेंबरला महाविद्यालयांतून शिक्षकांचा गौरव होतो. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देताना सत्कारमूर्तींची कामगिरी वाचून दाखवली जाते. विषयाचा निकाल, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, हाताखाली पीएच.डी. झालेले विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे अशी ती यादी असते. प्रथम वर्षाच्या मुलांबरोबर बसून ज्याने त्यांना योग्य विषय निवडायला मदत केली, चुकीच्या निवडीपासून वेळीच परत फिरवले, शिक्षण सोडायला निघालेल्या मुलीला नियमातली वाट दाखवून दिली, अशा शिक्षकाचा या कामासाठी गौरव झाल्याचे सहसा ऐकू येत नाही. हे काम कोणी करत नाही असे मुळीच नाही. प्रत्येक महाविद्यालयात असे एक-दोन शिक्षक असतात आणि विद्यार्थ्यांना ते बरोबर ठाऊक असतात. ठाऊक नसतात ते व्यवस्थेला. असे का होते, आणि अशा शिक्षकाची उत्तम कामगिरी ओळखायची झाल्यास ती कशी ओळखावी, याची चिकित्सा आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम शब्दांविषयी. समुपदेशन हे मानसिक अडचणींशी संबंधित काम आहे आणि त्याला वेगळे प्रशिक्षण लागते. करिअर मार्गदर्शन म्हणजे बहुधा सभागृहातले व्याख्यान. आम्ही ज्याला शैक्षणिक सल्ला म्हणतो तो या दोहोंहून वेगळा आहे. एका विशिष्ट विद्यार्थ्याने त्याची तयारी, आवड, घरची परिस्थिती आणि विद्यापीठाचे नियम लक्षात घेऊन पुढच्या सत्रात काय शिकावे, कोणत्या क्रमाने शिकावे आणि कुठे थांबावे, हे त्याच्याबरोबर बसून ठरवणे म्हणजे शैक्षणिक सल्ला. निर्णय विद्यार्थ्याचा असतो. त्या निर्णयाचे परिणाम त्याला आधी दिसावेत, एवढी जबाबदारी सल्लागाराची.

निवड आली, सल्लागार आला नाही

अगदी अलीकडेपर्यंत आपल्याकडे या कामाची निकड फारशी भासत नव्हती. बी.एस्सी.ला भौतिक-रसायन-गणित किंवा रसायन-वनस्पती-प्राणिशास्त्र असा गट एकदा घेतला की पुढे निवडण्यासारखे थोडेच उरे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली आणि चित्र पालटले. आता मेजर, मायनर, खुले ऐच्छिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कार्यानुभव असे अनेक कप्पे आहेत. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० ते १७६. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, आणि ठरावीक मुदतीत परतही येता येते.

यात किती गुंतागुंत आहे ते एका हिशोबावरून दिसेल. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असल्यास पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण हवेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात म्हटले आहे. आता समजा, 'पहिले वर्ष सोपे जाते, पुढे बघू' असे म्हणणाऱ्या एका विद्यार्थ्याला पहिल्या दोन सत्रांत प्रत्येकी ६० टक्के मिळाले. सर्व सत्रांचा भार समान धरला, तर सहा सत्रांत एकूण ४५० हवेत आणि त्याने १२० मिळवलेले आहेत. राहिलेल्या चार सत्रांत ३३०, म्हणजे दर सत्राला ८२.५ टक्के, मिळवल्याशिवाय त्याला ते दार उघडणार नाही. ही गोष्ट त्याला पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यात कोणी सांगितली तर तिचा उपयोग. पाचव्या सत्रात सांगितली तर ती फक्त बातमी.

दुसरे उदाहरण वर्षभरानंतर बाहेर पडण्याचे. प्रमाणपत्र मिळण्यासाठी ४० ते ४४ श्रेयांकांशिवाय कौशल्याचा किंवा इंटर्नशिपचा ४ श्रेयांकांचा जादा भाग पूर्ण करावा लागतो. घरची अडचण आली म्हणून मुलगी एप्रिलमध्ये गावी निघून गेली आणि हा भाग राहिला, तर वर्षभर शिकूनही तिच्या हातात काही पडत नाही. नियम छापलेला आहे, संकेतस्थळावरही आहे. पण तो नेमका कोणाला, केव्हा लागू होणार आहे हे ओळखणारा माणूस लागतो.

आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. शहराच्या या दक्षिण भागात आणि पुढे बेसा रस्त्याला विदर्भातल्या निरनिराळ्या गावांहून आलेली मुले भाड्याच्या खोल्यांत राहून शिकतात. जून-जुलैत यांतली काही मुले आणि त्यांचे पालक आमच्यासारख्या शेजाऱ्याकडे विचारायला येतात. मायनर म्हणजे काय, तो गुणपत्रिकेवर दिसतो का, रसायनशास्त्र मेजर घेतल्यावर गणित सोडले तर चालेल का, असे त्यांचे प्रश्न असतात. प्रश्न अगदी रास्त असतात. ते महाविद्यालयाबाहेर, ओळखीपाळखीने विचारावे लागतात, हे मात्र रास्त नाही. ज्याच्या नात्यात कोणी प्राध्यापक आहे किंवा शेजारी संशोधक आहे त्याला सल्ला मिळतो. ज्याच्या घरातले कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही त्याला मित्राने जे घेतले तेच घ्यावे लागते. निवडीचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे दिले आणि सल्ला मात्र ओळखीवर सोडला, तर त्या स्वातंत्र्याने विषमता वाढते. या लेखातला खरा प्रश्न हा आहे. पुरस्कार वगैरे त्याच्या मागून येतात.

निवडीबरोबर सल्लागार हवा, हा धडा इतरत्र पूर्वीच शिकून झालेला आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ नंतर विषय निवडण्याची मुभा विस्तारत नेली. मुले भरकटू लागल्याची तक्रार आली आणि १८८९ साली तेथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागार शिक्षकांचे मंडळ नेमण्यात आले. पुढे हे काम इतके रुजले की १९७९ साली अशा सल्लागारांची राष्ट्रीय संघटना तेथे उभी राहिली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये उत्तम सल्लागारांसाठी असलेला एक पुरस्कार अ‍ॅलन लाझारस यांच्या नावाने दिला जातो. लाझारस हे अवकाशातील प्लाझ्माचे अभ्यासक; व्हॉयेजर यानांवरील उपकरणाच्या कामात त्यांचा वाटा होता. अशा शास्त्रज्ञाची आठवण नव्या विद्यार्थ्यांचा सल्लागार म्हणून ठेवावी असे एका संस्थेला वाटले, हे आम्हांस लक्षणीय वाटते.

नियमांत हे काम कुठे बसते?

आता आपल्या नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली अधिसूचित केलेल्या विनियमांत शिक्षकाच्या कामाच्या मूल्यमापनाचे तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यात अध्यापनाचा विचार होतो तो नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले या टक्केवारीवर. ८० टक्के वा अधिक असल्यास 'चांगले'. बाकीच्या कामांची सात कलमे आहेत; त्यांपैकी किमान तिन्हींत सहभाग असला की तेथेही 'चांगले'. त्यांतल्या एका कलमात विद्यार्थी मंडळे, करिअर समुपदेशन, अभ्यास-सहली, सांस्कृतिक कार्यक्रम, क्रीडा, एन.सी.सी., एन.एस.एस. हे सारे एकत्र आहे. म्हणजे वर्षातून एक सहल नेणारा आणि वर्षभर चाळीस मुलांच्या निवडी तपासणारा, दोघांच्याही नावापुढे एकच खूण.

दुसरा तक्ता संशोधनाच्या गुणांचा. त्यात मार्गदर्शनाला गुण आहेत. पीएच.डी.ची पदवी मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे १०, प्रबंध सादर झाला असल्यास ५, पदव्युत्तर प्रबंधिकेमागे २. पदवीच्या विद्यार्थ्याला दिलेल्या सल्ल्यासाठी रकाना नाही. विद्यार्थ्याला मार्गदर्शनाची सर्वांत अधिक गरज सतराव्या-अठराव्या वर्षी असते आणि नियम मात्र त्याच्या पंचविशीची वाट पाहतात. गंमत अशी, की याच विनियमांत पदवीच्या विद्यार्थ्यांच्या मेंटॉरिंगसाठी शिक्षकाने वेळ द्यावा अशी अपेक्षाही आहे. वेळ मागितला आहे. त्या वेळाचे मोल कुठे धरायचे हे सांगितलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात गुणांच्या जागी 'उल्लेखनीय योगदाना'ची नऊ क्षेत्रे सुचवली होती. इंटर्नशिप आणि प्रकल्पांवरील मार्गदर्शन त्यांत होते, नवोद्योग होता, डिजिटल आशयनिर्मिती होती. शैक्षणिक सल्ल्याला त्यातही स्वतःचे नाव नव्हते.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे नॅकने, २०१७ साली लागू केलेल्या चौकटीत विद्यार्थी आणि मेंटॉर यांचे गुणोत्तर ही एक बाब घातली. हेतू चांगला होता. परिणाम काय झाला? १२०० विद्यार्थी आणि ६० शिक्षक असतील तर १:२० हे गुणोत्तर हजेरीपटावरून पाच मिनिटांत काढता येते. त्यासाठी एकाही शिक्षकाने एकाही मुलाशी बोलण्याची गरज नाही. विदर्भातल्या महाविद्यालयांतून 'टीचर गार्डियन' योजनेच्या वह्या असतात. त्यांत रक्तगट, पालकांचा मोबाइल, हजेरीची टक्केवारी असते. 'विद्यार्थ्याचा प्रश्न' या रकान्यात 'काही नाही' आणि 'दिलेला सल्ला' या रकान्यात 'नियमित अभ्यास करावा' असे अनेकदा आढळते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले होते. एखाद्या मोजमापावर नियंत्रणासाठी भिस्त ठेवली, की ते मोजमाप ज्या गोष्टीचे द्योतक होते तिच्यापासून तुटू लागते. वह्या भरल्या जातात आणि संवाद तेवढा राहून जातो.

याहून गंभीर बाब आणखी वेगळी आहे. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांवर आहे. त्यांना घेतलेल्या तासिकांचे मानधन मिळते. तास संपल्यावर जिन्यापाशी थांबून मुलीला मायनर समजावून सांगण्यात जी वीस मिनिटे जातात, त्यांचे काही नाही. ही मुले वयाने आणि परिस्थितीने जवळच्या वाटणाऱ्या याच तरुण शिक्षकांकडे आधी जातात. ज्या कामाचा वेळ कामात धरलेला नाही त्या कामासाठी स्मृतिचिन्ह देणे हा गौरव म्हणावा की थट्टा, याचा विचार व्हावा.

निकालावरून सल्लागार ओळखता येईल का?

समजा, एखाद्या महाविद्यालयाने ठरवले की उत्तम सल्लागाराला मान द्यायचा. सर्वांत सोपी कल्पना सुचेल ती निकाल पाहण्याची. येथे शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सावध व्हावे.

शिक्षक 'क' कडे बारावीला ८० टक्क्यांवर गुण असलेले २० विद्यार्थी आहेत आणि त्यांतले १८ पहिले वर्ष सुरळीत पार करतात. शिक्षक 'ख' कडे पन्नाशीच्या आसपासचे २० विद्यार्थी आहेत आणि त्यांतले १२ पार होतात. निकाल पाहिला तर मान 'क' ला जाईल. पण मागील वर्षांच्या नोंदी सांगतात, की 'क' सारख्या गटातले १८ आणि 'ख' सारख्या गटातले ८ एरवीही पार होत असत. तेव्हा वाढ झाली ती 'ख' कडे, चार विद्यार्थ्यांची. शिकवणी वर्गांच्या फलकावरील गुणवंतांची छायाचित्रे पाहून 'प्रवेश किती जणांनी घेतला होता?' असे विचारावे लागते, तसेच हे.

मग मान 'ख' ला द्यावा का? अजून नाही. ८ अपेक्षित असताना निव्वळ योगायोगाने १२ किंवा अधिक पार होण्याची शक्यता काढता येते. प्रत्येक विद्यार्थ्याची पार होण्याची संभाव्यता ०.४ धरली, तर द्विपद वितरणानुसार ती सुमारे ५.६ टक्के येते. म्हणजे सारखेच गट सांभाळणारे ४० शिक्षक असतील, तर काहीही विशेष न करता त्यांतल्या दोघांच्या खात्यात अशी वाढ दिसेल. मात्र 'ख' ने तीन वर्षे सातत्याने हेच केले, म्हणजे ६० विद्यार्थ्यांत अपेक्षित २४ ऐवजी ३६ पार झाले, तर योगायोगाची शक्यता हजारात एक-दोन इतकी खाली येते. एका वर्षाच्या आकड्यावर पुरस्कार देऊ नये, हा यातला धडा. बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. पाठ्यपुस्तकातल्या नाणेफेकीपेक्षा ते अधिक लक्षात राहील.

दुसरा सापळा फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आई-वडील आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात दाखवून दिला. टोकाच्या मापनानंतरचे मापन बहुधा सरासरीकडे सरकते. पहिल्या चाचणीत सर्वांत खाली गेलेल्या मुलांना सल्ला दिला आणि दुसऱ्या चाचणीत ती वर आली, तर त्या सुधारणेतला काही भाग सल्ल्याशिवायही झालाच असता. श्रेय देण्यापूर्वी तेवढे वजा केले पाहिजे.

आणि काही उत्तम सल्ले निकालात कधीच दिसत नाहीत. भौतिकशास्त्रात रमत नसलेल्या मुलाला भूगर्भशास्त्राकडे वळवले, तर भौतिकशास्त्र विभागाच्या खात्यात एक विद्यार्थी कमी होतो. एक वर्ष थांबून श्रेयांक राखून ठेवण्याचा सल्ला देणाऱ्या शिक्षकाच्या नावे 'गळती' लागते. सल्ल्याचा परिणाम कधी कधी दहा वर्षांनी कळतो, आणि तोवर सल्लागाराचे नाव मागे पडलेले असते. कमला सोहोनी यांची कथा शिक्षकांना परिचित आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीनंतर बंगलोरच्या संस्थेत त्यांना प्रवेश नाकारणारे सर चंद्रशेखर व्यंकट रामन सर्वांच्या लक्षात आहेत. प्रवेश मिळाल्यावर त्यांना कामाची शिस्त लावून संशोधनात उभे करणारे श्रीनिवासय्या किती जणांना आठवतात? ते उदाहरण पदवीनंतरचे आहे, पण विस्मरणाची रीत तीच.

मग काय करावे?

विद्यार्थ्यांनी नामनिर्देशन करावे आणि पत्रे लिहावीत, ही परदेशी विद्यापीठांतली रूढ पद्धत. तिच्यात गोडवा आहे, पण पत्रे लिहितात ती यशस्वी झालेली आणि संपर्कात राहिलेली मुले. जी निघून गेली ती पत्र लिहीत नाहीत. म्हणून आम्ही पुढील गोष्टी सुचवतो.

पहिली, वेळ मोजावा. आठवड्याला दोन तास हे सल्ल्याचे म्हणून वेळापत्रकात, तासिकेच्या बरोबरीने, लिहावेत. तासिका तत्त्वावरील शिक्षकालाही त्यांचे मानधन मिळावे. एवढे झाले आणि पुरस्कार कधीच दिला नाही, तरी चालेल.

दुसरी, वह्या कमी कराव्यात. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सत्राला एकच पान पुरे: भेटीपूर्वी त्याने काय घ्यायचे ठरवले होते, भेटीनंतर काय ठरले आणि का. निवड बदलली नाही तरी 'का' लिहिलेले असले की पुरे. हे पान विद्यार्थ्याने लिहावे.

तिसरी, साक्षीदार शिक्षकाने निवडू नयेत. मागील तीन वर्षांत त्याच्याकडे सोपवलेल्या सर्व विद्यार्थ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून दहा काढाव्यात, सोडून गेलेल्यांसह. बाहेरच्या एका शिक्षकाने त्यांना दूरध्वनी करून तीनच प्रश्न विचारावेत. भेट झाली होती का? जे सांगितले ते नियमांच्या दृष्टीने बरोबर होते का? स्वतःला माहीत नसलेल्या गोष्टीसाठी त्यांनी योग्य व्यक्तीकडे पाठवले का? शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मानसिक त्रासात असलेल्या मुलाला समुपदेशकाकडे, शिष्यवृत्ती अडलेल्या मुलीला कार्यालयातल्या नेमक्या टेबलापाशी पोचवणारा शिक्षक आपल्या मर्यादा ओळखतो, आणि चांगल्या सल्लागाराची ती खूण आहे.

यावर एक आक्षेप येईल, की पूर्वीचे शिक्षक हे सारे कोणत्याही नोंदीशिवाय करत असत. करत असत, हे खरे. पण तेव्हा निवडीच थोड्या होत्या, वर्ग लहान होते आणि शिक्षकाच्या पायाखाली कायम नोकरी होती. दुसरा आक्षेप असा, की आम्ही सुचवलेले मोजमापही उद्या पोकळ होईल. ती शक्यता आहे. म्हणूनच त्याला पदोन्नतीचे गुण जोडावेत असे आम्ही म्हणत नाही, आणि चिठ्ठ्यांचा आग्रह धरतो. कोणाला विचारले जाणार हे आधी ठाऊक नसले की देखावा करणे अवघड जाते.

केंद्र शासनाचे शिक्षकांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून आहेत. उच्च शिक्षणातील शिक्षकांचा त्यांत समावेश झाला तो २०२३ साली, आणि त्या वर्षी असे १३ शिक्षक गौरवले गेले. दार उशिरा का होईना उघडले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. शंभरी ओलांडलेल्या या विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांत वेळापत्रकातील दोन तासांपासून सुरुवात करून दाखवली, तर इतरांना तो पायंडा ठरेल.

शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांना यात थांबून राहण्याचे कारण नाही. बारावीच्या मुलांना निरोप देताना पुढील चार प्रश्न त्यांच्या वहीत लिहून द्यावेत आणि प्रवेशानंतरच्या पहिल्याच आठवड्यात महाविद्यालयात विचारायला सांगावेत: माझा सल्लागार शिक्षक कोण? तो कोणत्या वारी, किती वाजता, कुठे भेटेल? माझा मायनर मला कोणत्या सत्रापर्यंत बदलता येईल? मध्येच थांबावे लागले तर माझ्या हातात काय राहील? पुरेशी मुले हे प्रश्न विचारू लागली, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवणे महाविद्यालयांना भाग पडेल.